ढेपेचं पाणी

आमच्या गावात आजही कुणी स्वस्तातली वस्तू आणली आणि ती बिघडली, तर लोक विचारतात, "शेवंतानं आणली होती का?" विचारणारे हसतात, ऐकणारे हसतात, आणि ज्यांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता ती पोरंसुद्धा हसतात. ती शेवंता मी. नागपुरात माझं मासळीचं दुकान आहे, दोन टेम्पो आहेत, आणि माझ्या मालाला उगाच नावं ठेवणारं गिऱ्हाईक माझं तोंड सुरू झालं की पिशवी विसरून जातं. पण गावचं ते वाक्य मला अजून गिळता आलेलं नाही. म्हणून ढेपेची हकीकत एकदा लिहून ठेवते. माय आता नाही, त्यामुळे लिहायला हरकतही नाही. फक्त एवढंच, की ती हकीकत मला सगळी समजली आहे असं कुणी धरून चालू नये. एक टोक हातात येतं तेव्हा दुसरं सुटतं, असं माझं इतकी वर्षं चाललं आहे.

आमचं गाव पारशिवनीकडचं. गावाच्या वरच्या अंगाला तलाव आणि तलावाच्या पाळीला लागून आम्हा ढिवरांची घरं. तलावातल्या मासळीचा हक्क आमच्या लोकांच्या सोसायटीकडे होता, आणि सोसायटी म्हणजे माझ्या बाबांचे थोरले भाऊ. त्यांना आम्ही मोठेबाबा म्हणायचो. ते बोलायचे आणि बाकीचे ऐकायचे, त्यालाच मीटिंग म्हणत. सकाळी उजाडता उजाडता पुरुष जाळं ओढून पाळीवर आणत, आणि मग घमेल्यात पडलेल्या बारीक मासळीचा आवाज घरापर्यंत येई. मडक्यात लाह्या फुटाव्यात तसा. त्या आवाजानं मी जागी व्हायची. चुलीवर भात रटरटत असायचा, नाही तर लाखोळीची डाळ. लाखोळीचं पहिलं पाणी बाधतं, म्हणून माय ते उकळून मागच्या नालीत ओतून द्यायची आणि मग दुसऱ्या पाण्यात डाळ शिजवायची. सगळ्याच घरी तसं करत. त्या पाण्याचा उग्र वास आणि ओल्या जाळ्याचा वास एकत्र आला की मला सकाळ झाली असं वाटे. आज माझ्या दुकानात बर्फाचा वास असतो. त्याला सकाळ-संध्याकाळ काही कळत नाही.

मासळी वाटायची आमच्यात एक रीत होती. वितीपेक्षा मोठी मासळी सोसायटीची. ती टेम्पोत भरून नागपूरच्या बाजारात जायची आणि तिचा व्यवहार पुरुष बघायचे. वितीच्या आतली मासळी बायांची. ती बायांनी टोपल्यात घालून बाजारहाटात विकायची आणि त्या पैशाबद्दल पुरुषानं अवाक्षर विचारायचं नाही. कुणाची वीत, यावरून रोज पाळीवर भांडण. मोठेबाबांच्या बायकोचा, म्हणजे मोठीमायचा पंजा गावात सगळ्यांत मोठा, म्हणून आम्ही मोजायला तिलाच पुढे करायचो. ती बोटं अशी ताणायची की मोठेबाबा ओरडायचे, "हात हाये का फावडं हाये तुह्या?" आणि मोठीमाय शांतपणे म्हणायची, "लग्नाच्या वेळी पाहून घ्यायचा होता." माझं शाळेचं दप्तर, आमच्या घरची पितळी परात, मायची चांदीची जोडवी, हे सगळं वितीच्या आतलं.

अशात तलावात चिलापी ही परकी मासळी झाली. कुणी टाकली, कशी आली, हे तेव्हाही कळलं नाही. कुणी म्हणे विकत आणलेल्या मासळीच्या बिजातून आली, कुणी म्हणे वरच्या नाल्यातून पुरात आली. मोठेबाबा तर म्हणत, बगळ्याच्या पायाला चिकटून आली. पहिल्या वर्षी चार-दोन दिसल्या, पुढच्या वर्षी जाळं जड लागू लागलं आणि सगळ्यांना आनंद झाला. त्याच्या पुढच्या वर्षी जाळ्यात दुसरं काही येईना. बोटाएवढ्या, चार बोटांएवढ्या चिलाप्या. दाटी इतकी की त्यांची वाढच खुंटली होती. वीतभर व्हायच्या आतच त्या पिल्लं द्यायला लागत. हातात मादी धरली की ती तोंड उघडायची आणि तोंडातून पिल्लांचा लोंढा बाहेर पडायचा. अंडी, पिल्लं सगळी ती तोंडातच सांभाळते आणि तोवर तोंड मिटून उपाशी राहते. मला त्याचं फार नवल वाटे. आणि आमच्या रोहू-कतल्यांची डोकी मोठी आणि अंगं सुकलेली, जणू आजारातून उठले आहेत.

मोठेबाबा चिंचेखाली बसून म्हणायचे, "हे चिलापी सारा तलाव खाऊन राहिली. कचरा हाये कचरा." आणि घरात त्याच कचऱ्यावर सण चालला होता. बायांची टोपली कधी नव्हती एवढी भरत होती. माय चिलापी पावशीवर, म्हणजे विळीवर, चिरायची, जवसाच्या तेलात लाल तिखट घालून परतायची, वर अंबाडीचा पाला. उरलेली घरावर वाळत घालायची. बाबा तीच मासळी दोनदा मागून खायचे आणि आचवताना म्हणायचे, "या मासळीनं आपला सत्यानाश केला." माय काही बोलायची नाही. तिच्या तोंडात कायम सुपारीचं खांड असे. मी मात्र पार गोंधळून गेले होते. बाबांबरोबर पाळीवर बसले की मला चिलापीचा राग यायचा आणि मायबरोबर बाजारात बसले की तिचाच भाव मी जीव तोडून सांगायचे.

चिलापी कमी करायचे उपाय झाले. आधी मरळ सोडली, कारण मरळ बारीक मासळी खाते. पण मरळीची चव गावाला ठाऊक. ज्यांनी दिवसा मरळ सोडली तेच संध्याकाळी गळ टाकून बसले, आणि महिनाभरात तलावात चिलापी तेवढी उरली. मग कुणीतरी मोठेबाबांना सांगितलं, मोहाच्या बियांचं तेल काढल्यावर जी ढेप उरते ती रात्रभर भिजवून तलावात टाका. त्यानं झाडून सगळी मासळी मरते, माणसाला ती खायला चालते, आणि पाऊस पडेपर्यंत पाणी पुन्हा चांगलं होतं. मग नवं बीज टाकायचं, नुसतं रोहू-कतला. वैशाख होता. पाणी मधल्या खोलगट भागात गोळा झालं होतं. मीटिंग झाली, म्हणजे मोठेबाबा बोलले. बायांना कुणी विचारलं नाही.

ढेपेचा भाव काढायला मोठेबाबांचा मुलगा देवराव नागपूरला गेला आणि जो भाव घेऊन आला तो सोसायटीला झेपणारा नव्हता. देवराव माझ्याहून थोडा मोठा. देखणा, अंगात इस्त्रीचा शर्ट. दुकानदारानं सांगितलेला भाव तो तसाच घरी आणायचा, जणू निरोप्या आहे. मी म्हटलं, "एवढ्यात तं मी ढेपही आणीन अन् दुकानदारालेही आणीन." पुरुष हसले. बाबा हसले नाहीत. त्यांनी मला बाजारात पाहिलं होतं. ते सगळ्यांसमोर म्हणाले, "जाय मंग. भाव पाडून आणली अन् तलाव साफ झाला, तं पुढच्या हंगामापासून टेम्पो घेऊन नागपूरले तूच जाजो." मोठेबाबांनी मान हलवली. देवरावचा चेहरा पडला. टेम्पोच्या पुढच्या सीटवर बसून मोठी मासळी विकायला जाणं हे आमच्यात कुठल्याच बाईनं केलं नव्हतं. माझी बारावी झाली होती आणि घरी सोयरीक बघायचं चाललं होतं. टेम्पो मिळाला तर ते टळणार होतं. मला त्या सीटवर बसण्याशिवाय जगात दुसरं काही दिसेना.

नागपूरला कळमन्याच्या बाजाराजवळ ढेपेची दुकानं होती. सरकीची ढेप, जवसाची ढेप, पोत्यांच्या थप्प्या, आणि मोहाची ढेप मागच्या अंधाऱ्या कोपऱ्यात. देवरावला माझ्या सोबतीला दिलं होतं. तो "आलोच" म्हणून तर्री-पोहे खायला गेला तो गेलाच. दुकानदार म्हणाला, "मोहाची कायले पाह्यजे बाई? जनावर तोंडबी लावत नाही तिले." मी म्हटलं, "म्हणूनच तं पडून हाये तुमच्याकडे. मी तुमचं गोडाऊन रिकामं करून देऊन राहिली, तुमीच मले चहा पाजाले पाह्यजे." त्यानं भाव सांगितला, मी त्याच्या निम्म्यावर आले. तो ओरडला, मी त्याहून मोठ्यानं ओरडले. त्यानं हमालाला विचारलं, "पोरगी हाये का वकील हाये गा हे?" मी पोत्यांच्या थप्पीवर जाऊन बसले आणि म्हटलं, आता उठवून दाखवा. गिऱ्हाइकं यायची, माझ्याकडे बघायची आणि पुढच्या दुकानात जायची. उन्हं कलली तेव्हा त्यानं हात जोडले.

पण भाव ठरला म्हणून मी डोळे मिटून माल उचलला नाही. हे मी पुन्हा पुन्हा सांगते आणि पुन्हा पुन्हा सांगेन. थप्पीतली वेगवेगळी पोती उघडायला लावली. पेल्यात पाणी घेऊन तुकडा कुस्करला, बोटानं घुसळला. साबणासारखा पांढरा फेस पेल्याबाहेर आला. जिभेला लावून पाहिला तर जहर कडू. ट्रॅक्टरमधून घरी येईपर्यंत माझ्या जिभेला चव नव्हती. ढेप अस्सल होती. देवराव पोहे खात नसता तर त्यानंही पाहिलं असतं.

गावात आल्यावर पोती घरोघरी वाटून दिली. ज्याच्या घरी टाकं, ड्रम, गुरांचं पाणी प्यायचं टाकं, जे असेल त्यात बायांनी भिजत घालायची. मी हात लावायला गेले तर माय म्हणाली, "तू थकून आली पोरी, झोप. हे बायांचं काम हाये." मी झोपले. सकाळी नेहमीचा आवाज नव्हता, कारण त्या दिवशी जाळं ओढायचं नव्हतं. मी मागच्या दारी तोंड धुवायला गेले. नाली पांढरी झाली होती. नुसता फेस. कडेला गांडुळं बाहेर येऊन पडली होती आणि एक बेडूक पोट वर करून. माय खराट्यानं फेस पुढे लोटत होती. मी पाहिलं, आणि पाहून सोडून दिलं. माझ्या डोळ्यांसमोर टेम्पोची सीट होती. मला वाटलं, कपडे धुतले असतील.

भिजलेली ढेप टोपल्यांतून डोंग्यावर नेऊन पुरुषांनी तलावभर टाकली. सारं गाव पाळीवर. मासळी आता गुदमरून वर येऊन तोंड मारू लागेल म्हणून जाळी तयार, घमेली तयार. बगळेसुद्धा रांगेनं बसले होते. थोड्या वेळानं पाण्यावर हालचाल सुरू झाली आणि लोक ओरडले, "आली, आली!" चिलापी आली होती. खायला. ढेपेचा तुकडा पडला की त्यावर झुंबड, आणि पुढच्या तुकड्याची वाट पाहत तोंडं वर. बारा वाजले, दुपार कलली. एक मासा मेला नाही. एक म्हातारा म्हणाला, "वा रे ढेप! जेवणावळ घातली आपण त्याईले." आणि लोकांना हसू आवरेना.

मोठेबाबा हसले नाहीत. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "काहून वं, काय आणलं तू?" मी म्हटलं, मोहाचीच आणली, फेस पाहून आणली, चाखून आणली. देवराव म्हणाला, "भुसा हाये भुसा. स्वस्त दिसला म्हणून उचलला हिनं." मी त्याच्या इस्त्रीच्या शर्टाची कॉलर धरली. "तू कोठी होता? तर्री पिऊन राहिला होता ना? सांग सगळ्याईले!" दोघा-तिघांनी मला ओढून बाजूला केलं. मी बाबांकडे पाहिलं. बाबा जाळं गुंडाळत होते. मी बायांकडे पाहिलं. मोठीमाय, माय, सगळ्या जणी डोक्यावर पदर घेऊन पाळीवर उभ्या होत्या, आणि एकही तोंड उघडत नव्हतं. मला वाटलं, त्यांना माझी लाज वाटते आहे.

ढेप खाऊन चिलापी माजली. पुढच्या हंगामात टेम्पोवर देवराव बसला. मी घरात कुणाशी बोलत नव्हते. चिंचेखालून गेले की कुणीतरी म्हणायचं, "शेवंता, आमच्या बैलालेबी आण एखादं पोतं." त्याचंच पुढे "शेवंतानं आणली होती का?" झालं. एके दिवशी मायनं भरलेलं टोपलं माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाली, "एस.टी.नं जाय. नागपूरच्याबी पुढं. बुटीबोरीले मोठमोठे कारखाने झाले म्हणतात. दूरदूरची माणसं आली. त्याईले बारीक मासळी लागते." हे तिला कुणी सांगितलं कोण जाणे. कंडक्टर वासावरून भांडला, मी त्याच्याशी भांडले आणि गेले. पूर्वेकडच्या राज्यांतून आलेले कामगार पाळी सुटल्यावर त्या टोपल्याभोवती असे जमले की ताज्या चिलापीसाठी आपसांत ओढाताण झाली. त्यांच्याकडे मोठ्या माशापेक्षा बारीक मासळीचं कौतुक. टोपलं रिकामं झालं. दुसऱ्या दिवशी मी दोन टोपली नेली. सोयरीक बघणारे आले तेव्हा मी घरी नव्हतेच. माझं दुकान, माझे टेम्पो, सगळं त्या वितीच्या आतल्या कचऱ्यावर उभं आहे.

बऱ्याच वर्षांनी दुसऱ्या एका तलावाचा माल उचलायला गेले होते. तिथे ढेप टाकायची तयारी चालली होती. माझं डोकं तापलंच, आणि मी म्हटलं, काही उपयोग होत नाही ढेपेचा. तिथला ठेकेदार हसला. "पाणी फेकलं असंल तुमी. भिजवलेलं पाणीच तं पहिले सोडाव लागते. सारं जहर त्या फेसात असते." मी माल तिथेच ठेवला आणि सरळ गावी गेले. माय अंगणात पावशीवर बसली होती.

"माय, त्या वेळी ढेपेचं पाणी काय केलं होतं?"

"कोणतं पाणी?"

"भिजवलेलं."

"फेकलं."

"काहून?"

"कडू होतं म्हणून."

"अवं, कडूच तं पाह्यजे होतं!"

"मंग तसं सांगाव ना माणसाईनं. त्याईनं सांगतलं, भिजवा. भिजवलं. लाखोळीचं पहिलं पाणी फेकतच असतो आपण."

"सगळ्याच घरी फेकलं?"

"सगळ्याच घरी लाखोळी शिजते."

मी तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. बाजारात मी माणसाचा डोळा पाहून सांगते, हा भाव वाढवेल की उठून जाईल. मायच्या चेहऱ्यावरून मला काही म्हणजे काही कळलं नाही. मी विचारलं, "तुमी बायाईनं मिळून ठरवलं होतं का?" ती म्हणाली, "ठरवाले काय माणसासारखी मीटिंग घेतली होती आमी?" मी ओरडले, "मंग मले काहून शिव्या खाऊ देल्या? एक शब्द बोलली नाही तू!" तिनं सुपारी या गालातून त्या गालात नेली. चिरलेली मासळी टोपलीत टाकली, पावशी आडवी केली, आणि उठताना म्हणाली, "टेम्पोवर देवराव बसला. तो आजबी गावातच हाये." आणि आत गेली. हे उत्तर होतं, समजूत होती, की नुसतं जे होतं ते तिनं सांगितलं? मी पुष्कळ वेळा ते वाक्य उलटून-पालटून पाहिलं आहे. तिनं माझं नाव बुडवलं असं मनात येतं, आणि लगेच वाटतं की मी जी काही आहे ती त्या नालीतल्या पाण्यानं आहे. दोन्ही एकाच वेळी कसं खरं असेल, हे मला जमवता येत नाही.

माय शेवटी शेवटी माझ्याकडे नागपूरलाच होती. त्या दिवसांत एकदा देवरावचा फोन आला. मोठेबाबा गेल्यावर सोसायटी तोच बघत होता. म्हणाला, "शेवंता, तलावात चिलापीनं पुन्हा कहर केला. या वेळी ढेप तूच आणून दे. तुह्याएवढा भाव कोणाले पाडता येत नाही." इतक्या वर्षांनी तो, फोनवर का होईना, माझ्या दारात आला होता, आणि दारात आलेल्याला मी तसं सोडत नाही. मी म्हटलं, "आणते. पण आधी चिंचेखाली साऱ्याईसमोर सांगाव लागंल तुले, की त्या वेळची शेवंताची ढेप अस्सल होती." मग तो म्हणाला, "सांगीन. पण लोक विचारतील ना, अस्सल होती तं मासळी मेली काहून नाही? मी काय सांगू?"

माय खाटेवर पाय सोडून बसली होती. फोनचा आवाज मोठा होता, तिनं सगळं ऐकलं होतं. माझ्याकडे न पाहता ती म्हणाली, "दे त्याले ढेप आणून. भिजवाले फक्त बायाईकडे दे म्हणा."

"काय म्हणते काकू?" देवरावनं विचारलं.

माझ्या तोंडात तेव्हा सगळं होतं. नाली, फेस, गांडुळं, पाळीवरच्या बाया. नुसतं तोंड उघडायचा अवकाश होता.

"काही नाही," मी म्हटलं. "मासळी मेली काहून नाही, ते मले काय मालूम. भाव काढून सांगते तुले."